धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल १९०१, नाशिक – ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, अध्यापक, सहकारी चळवळीचे मार्गदर्शक आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या योजना साहाय्याच्या वाटपाचे ‘गाडगीळ सूत्र’ आणि बँकांची ‘अग्रणी बँक योजना’ यांमुळे त्यांचे नाव देशभर परिचित झाले. महाराष्ट्रात त्यांना ‘धनंजयराव’ या नावाने ओळखले जाते.

विकासाचे अर्थशास्त्र ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर मान्यता पावली. त्यापूर्वीच गाडगीळांनी तालुका, शहर आणि कालव्याचे लाभक्षेत्र अशा मर्यादित प्रदेशांची प्रत्यक्ष पाहणी करून तेथील उत्पन्न, रोजगार व कर्ज यांचा अभ्यास सुरू केला होता. आधी पाहणी, मग धोरण हा क्रम त्यांनी आयुष्यभर पाळला.

== बालपण व शिक्षण ==

गाडगीळांचा जन्म नाशिक येथे झाला. मात्र त्यांचे बालपण व शालेय शिक्षण नागपूर येथे झाले. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या क्वीन्स महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्राचे अध्ययन केले. त्या काळी केंब्रिज हे अर्थशास्त्राच्या अध्ययनाचे जगातील एक अग्रगण्य केंद्र होते. तेथे पदवी मिळवल्यानंतर त्यांनी एम.लिट. पदवीसाठी प्रबंध लिहिला.

हा प्रबंध ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स’ या नावाने १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी गाडगीळांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतातील शेती, हस्तव्यवसाय, रेल्वे, कापडगिरण्या व शहरे यांत झालेल्या स्थित्यंतराचा आढावा या ग्रंथात घेतला आहे. शहरी हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची तीन कारणे त्यांनी त्यात मांडली. संस्थानी दरबार लयाला गेल्याने उंची मालाचे गिऱ्हाईक नाहीसे झाले, परकीय सत्तेबरोबर लोकांच्या आवडीनिवडी बदलल्या आणि यंत्रोत्पादित मालाची स्पर्धा उभी राहिली. पारंपरिक उद्योग मोडले, पण त्यांतून बाहेर पडलेल्या माणसांना सामावून घेण्याइतके नवे कारखाने निघाले नाहीत. त्यामुळे शेतीवरील भार वाढला, असे चित्र या विवेचनातून स्पष्ट होते. या ग्रंथाच्या सुधारून वाढवलेल्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि भारताच्या आर्थिक इतिहासाचे पाठ्यपुस्तक म्हणून तो अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनी अभ्यासला.

== अध्यापन व गोखले संस्थेची स्थापना ==

इंग्लंडहून परतल्यावर गाडगीळांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी केली. १९२५ साली ते सुरत येथील एम.टी.बी. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९३०पर्यंत त्या पदावर राहिले.

साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या विद्यमाने १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन झाली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव या संस्थेला देण्यात आले. काळे हे गाडगीळांचे सासरे होते. संस्थेच्या संचालकपदी गाडगीळांची नेमणूक झाली आणि १९६६पर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस वर्षे, त्यांनी ते पद सांभाळले.

आरंभीच्या काळात संस्थेजवळ मनुष्यबळ व पैसा दोन्ही बेताचेच होते. देशात आर्थिक आकडेवारी गोळा करण्याची यंत्रणाही तेव्हा अपुरी होती. महसुली कागदपत्रांतून पिकाखालील क्षेत्र समजे. परंतु शेतकऱ्याच्या हाती वर्षअखेर काय उरते किंवा शहरातील मजुराचे कुटुंब किती मिळकतीवर चालते, हे त्यांवरून समजत नसे. ही माहिती घरोघरी जाऊन मिळवावी लागेल, हे ओळखून गाडगीळांनी संस्थेच्या कामाची आखणी केली. पुढे नामवंत झालेले वि. म. दांडेकर, नी. वि. सोवनी, नीलकंठ रथ यांसारखे अभ्यासक याच संस्थेत काम करीत होते. गाडगीळांनंतर दांडेकर संस्थेचे संचालक झाले.

== संशोधनकार्य ==

गाडगीळांच्या क्षेत्रीय अभ्यासांचा आरंभ अगदी जवळच्या विषयांपासून झाला. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात, ती किती हातांतून जातात आणि ग्राहकाने मोजलेल्या किमतीपैकी उत्पादकाला किती मिळते, याचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी करण्यात आली व तिचा अहवाल १९४० साली निघाला.

पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हे संस्थेचे त्या काळातील सर्वांत मोठे काम होते. नमुना पद्धतीने निवडलेल्या कुटुंबांकडून व्यवसाय, मिळकत, घरभाडे, कर्ज, शिक्षण आणि स्थलांतर यांविषयीची माहिती गोळा करण्यात आली. या पाहणीचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. भारतीय शहराच्या अशा अभ्यासाचे ते सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. पुढे सोलापूर शहराचाही याच धर्तीवर अभ्यास करण्यात आला.

विकासाच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. त्याचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाटबंधाऱ्यांवर केलेला खर्च पाणीपट्टीतून वसूल होतो की नाही, एवढ्याच कसोटीवर सरकार तोवर कालव्यांची उपयुक्तता ठरवीत असे. गाडगीळांनी बागायती गावे आणि जिरायती गावे यांची तुलना करून पाण्यामुळे होणारे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ मोजण्याचा प्रयत्न केला. कालव्यामुळे शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते, तसेच मजुरांना काम मिळते, बाजारपेठेतील उलाढाल वाढते, प्रक्रिया उद्योग निघतात आणि सरकारलाही इतर मार्गांनी महसूल मिळतो. सार्वजनिक प्रकल्पाचा खर्च व लाभ समाजाच्या दृष्टीने मांडण्याची ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली.

युद्धकाळातील आर्थिक धोरण, मजुरीचे नियमन, भारतातील व्यापारी समाज, नोकरी-व्यवसायातील स्त्रिया, संघराज्याची रचना अशा विविध विषयांवर त्यांनी लेखन केले.

== कृषी पतपुरवठा ==

शेतकऱ्यांचे कर्जबाजारीपण हा गाडगीळांच्या चिंतनाचा कायमचा विषय होता. केंद्र सरकारने नेमलेल्या कृषी वित्त उपसमितीचे ते अध्यक्ष होते. या उपसमितीने १९४५ साली अहवाल सादर केला. जुन्या कर्जाचा बोजा शेतकऱ्याच्या फेडीच्या कुवतीइतका खाली आणावा आणि नव्या कर्जासाठी प्रांतोप्रांती कृषी पतमहामंडळे स्थापावीत, अशा तिच्या शिफारशी होत्या.

रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. अ. द. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील तिच्या संचालन समितीत गाडगीळ सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांत झालेल्या या पाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के कर्ज मिळते, व्यापारी बँकांचा वाटा एक टक्काही भरत नाही आणि सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून घेतले जाते, असे पाहणीत आढळले.

पन्नास वर्षे चालत आलेल्या सहकाराचे हे अपयश उघड होते. तरीही समितीने सहकाराचा मार्ग सोडण्याचा सल्ला दिला नाही. गावातील दुर्बळ पतसंस्था सावकार व व्यापारी यांच्या एकवटलेल्या बळापुढे एकट्या टिकू शकत नाहीत; त्यांना सरकारी भागभांडवल, गोदामे, खरेदी-विक्री संस्था आणि प्रशिक्षित नोकरवर्ग यांची जोड हवी, असे समितीचे निदान होते. या अहवालाच्या शिफारशींनुसार १९५५ साली इंपीरियल बँकेचे भारतीय स्टेट बँकेत रूपांतर झाले. राज्य शासनाने सहकारी संस्थांत भांडवल गुंतवण्याच्या धोरणालाही या अहवालाने बळ दिले.

== प्रवरानगरचा साखर कारखाना ==

१९३२ साली साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यानंतर महाराष्ट्रातील कालव्यांच्या पट्ट्यात खाजगी साखर कारखाने वाढले. ऊस पिकवणारा शेतकरी मात्र भावाच्या बाबतीत कारखानदार आणि गुळाचे व्यापारी यांवर अवलंबून राहिला. प्रक्रियेतून मिळणारा नफा उत्पादकाच्या हाती यावयाचा असेल, तर कारखाना त्याच्याच मालकीचा असला पाहिजे, असे मत गाडगीळांनी बागायतदारांपुढे मांडले.

अहमदनगर जिल्ह्यातील लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी ही कल्पना उचलून धरली. त्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ या प्रयत्नास लाभले. शासनाची मदत आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळवून कारखाना उभा राहिला व १९५०च्या अखेरीस त्याचा पहिला गाळप हंगाम सुरू झाला. गाडगीळ या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. संचालक मंडळाच्या बैठकांसाठी ते पुण्याहून लोणीला जात. ज्या प्रवरा कालव्याच्या परिणामांचा त्यांनी अभ्यास केला होता, त्याच कालव्याच्या लाभक्षेत्रात हा कारखाना निघाला.

प्रवरेचे यश पाहून महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांची मालिका उभी राहिली. कारखान्यांच्या भोवती शाळा, महाविद्यालये, रुग्णालये व उपसा सिंचन योजना आल्या. आर्थिक सत्ता थोड्यांच्या हाती एकवटू नये आणि ती केवळ सरकारच्या हातीही जाऊ नये, यासाठी सहकारी तत्त्वावर समाजाची रचना करावी, अशी गाडगीळांची भूमिका होती. ‘टुवर्ड्‌स अ को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ’ या पुस्तकात त्यांनी ती विस्ताराने मांडली आहे.

== संयुक्त महाराष्ट्र ==

राज्ये भाषेच्या आधारे रचली जावीत, असे गाडगीळांचे मत होते. लोकांच्या भाषेत चालणारा कारभारच लोकशाही नियोजनाला पोषक ठरेल, असे त्यांना वाटे. राज्य पुनर्रचना आयोगापुढे संयुक्त महाराष्ट्र परिषदेने मांडलेल्या भूमिकेच्या घडणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. हैदराबाद संस्थानात राहिलेले बीड, औरंगाबाद, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे घटक झाले.

== नियोजन आयोग ==

१९४७ साली स्थापन झालेल्या जिन्नस किंमत मंडळावर आणि १९४९ साली प्रा. महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर गाडगीळांनी काम केले. केंद्रीय नियोजनाच्या पद्धतीवर त्यांनी वेळोवेळी टीका केली होती. मोठ्या गुंतवणुकीचे आराखडे तयार होतात, परंतु किमती, धान्यवाटप व उपभोग यांवर नियंत्रण ठेवणारे सुसंगत धोरण त्यांच्या जोडीला नसते, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता.

१९६६ साली ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून त्यांची निवड झाली. सप्टेंबर १९६७मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान असताना त्यांना नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद देण्यात आले. लागोपाठच्या दोन अवर्षणांमुळे, १९६५च्या युद्धामुळे आणि रुपयाच्या अवमूल्यनामुळे पंचवार्षिक नियोजन त्या वेळी खंडित झाले होते. चौथी पंचवार्षिक योजना (१९६९–७४) गाडगीळांच्या कारकिर्दीत तयार झाली.

=== गाडगीळ सूत्र ===

राज्यांच्या योजनांना केंद्राकडून मिळणारे साहाय्य तोपर्यंत निश्चित निकषांवर आधारलेले नव्हते. त्यामुळे वाटपात पक्षपात होत असल्याच्या तक्रारी येत. १९६९ साली मान्य झालेल्या सूत्रानुसार आसाम, जम्मू-काश्मीर व नागालँड या राज्यांच्या गरजांसाठी प्रथम तरतूद करून उरलेली रक्कम पुढील प्रमाणात वाटण्याचे ठरले.

* लोकसंख्या : ६० टक्के
* राष्ट्रीय सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न असलेली राज्ये : १० टक्के
* दरडोई उत्पन्नाच्या तुलनेत कर उभारणीचे प्रयत्न : १० टक्के
* चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प : १० टक्के
* दुष्काळ, पूर यांसारख्या विशेष समस्या : १० टक्के

साहाय्यापैकी ३० टक्के रक्कम अनुदान म्हणून व ७० टक्के कर्ज म्हणून देण्याचे ठरले. या सूत्रात १९८० साली बदल झाला. १९९१ साली सुधारलेले रूप ‘गाडगीळ–मुखर्जी सूत्र’ म्हणून ओळखले जाते.

=== अग्रणी बँक योजना ===

जुलै १९६९मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. राष्ट्रीय पत परिषदेने गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९मध्ये अहवाल दिला. देशातील सुमारे सहा लाख खेड्यांपैकी जेमतेम पाच हजार खेड्यांपर्यंत व्यापारी बँका पोहोचल्या होत्या. यावर अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचवला. प्रत्येक जिल्ह्याची पाहणी करून तेथील कर्जाची गरज ठरवावी आणि ती भागवण्यासाठी बँकांनी आपसांत जबाबदारी वाटून घ्यावी, अशी ती शिफारस होती. नरिमन समितीनेही तिला दुजोरा दिला आणि रिझर्व्ह बँकेने डिसेंबर १९६९मध्ये अग्रणी बँक योजना सुरू केली. आजही जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा व पीककर्जाचे उद्दिष्ट याच योजनेच्या चौकटीत ठरते. त्यासाठी होणाऱ्या बँकांच्या बैठकीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते.

== निधन ==

१९७१ साली गाडगीळांनी नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद सोडले. दिल्लीहून पुण्याला परतत असताना ३ मे १९७१ रोजी रेल्वे प्रवासातच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र होत.

== मूल्यमापन : बीड जिल्ह्याच्या संदर्भात ==

गाडगीळांनी सुचवलेल्या उपायांचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ठळकपणे दिसतात.

गाडगीळ सूत्रात राज्य हा घटक धरलेला होता. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून अधिक असल्याने मागास राज्यांसाठी राखलेल्या दहा टक्क्यांत महाराष्ट्राला वाटा नव्हता. मुंबई-पुण्याच्या उत्पन्नामुळे राज्याची सरासरी उंचावत होती; त्या सरासरीआड मराठवाड्यातील जिल्ह्यांचे दारिद्र्य झाकले जात होते. जिल्हा हा नियोजनाचा घटक असावा, असा आग्रह गाडगीळांनी धरला होता आणि त्यांच्या कारकिर्दीत नियोजन आयोगाने जिल्हा योजनांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. राज्यांतर्गत विषमतेचे जिल्हावार मोजमाप मात्र बऱ्याच काळानंतर झाले. गोखले संस्थेतील त्यांचे उत्तराधिकारी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य इत्यादी क्षेत्रांतील अनुशेष जिल्हावार काढला. राज्याच्या एकूण अनुशेषापैकी सुमारे २४ टक्के अनुशेष मराठवाड्याचा असल्याचे तीत दिसून आले.

सहकारी साखर कारखानदारीच्या बाबतीतही असाच प्रश्न उद्भवतो. प्रवरेच्या धर्तीवर बीड जिल्ह्यात अंबाजोगाई, गेवराई, माजलगाव व परळी या भागांत सहकारी कारखाने निघाले. परंतु जिल्ह्याचा मोठा भाग जिरायती असल्याने येथील असंख्य कुटुंबांचा या उद्योगाशी संबंध ऊस उत्पादक म्हणून न येता ऊसतोड मजूर म्हणून आला. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. गाळप हंगाम संपेपर्यंत गावात वृद्ध माणसे मागे राहतात आणि बरोबर नेलेल्या मुलांची शाळा सुटते.

कारखान्याचे सभासदत्व ऊस पिकवण्याशी जोडलेले असल्याने ऊस तोडणारा मजूर सहकाराच्या मालकीबाहेर राहिला. प्रक्रियेचा नफा उत्पादकाला मिळावा, हे गाडगीळांचे उद्दिष्ट बागायतदारांच्या बाबतीत साध्य झाले. ज्याच्याकडे पाणी नाही, त्याचा या नफ्यात वाटा कोणता, हा प्रश्न मात्र या रचनेत अनुत्तरित राहिला. ग्रामीण पतपाहणीने सावकारीबद्दल जे सत्य मांडले होते, त्याचे बदललेले रूप ऊसतोड मजुराच्या उचलीत दिसते. आगाऊ रक्कम आधी मिळते आणि ती फेडण्यासाठी पुढचा संपूर्ण हंगाम बांधला जातो.

या मर्यादा तपासण्याची साधनेही बऱ्याच अंशी गाडगीळांच्याच अभ्यासपद्धतीतून मिळतात. बागायती व जिरायती गावांची तुलना, कर्जाच्या उगमांची नोंद, स्थलांतरित कुटुंबांची पाहणी आणि जिल्हा हा अभ्यासाचा घटक मानणे या गोष्टी त्यांच्या परंपरेने मराठी अभ्यासकांच्या हाती दिल्या आहेत.

== प्रमुख ग्रंथ ==

* द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स (१९२४)
* वॉर अँड इंडियन इकॉनॉमिक पॉलिसी (नी. वि. सोवनी यांच्यासह, १९४३)
* रेग्युलेशन ऑफ वेजेस (१९४३)
* पूना : अ सोशिओ-इकॉनॉमिक सर्व्हे (दोन भाग, १९४५ व १९५२)
* इकॉनॉमिक इफेक्ट्स ऑफ इरिगेशन (१९४८)
* प्लॅनिंग अँड इकॉनॉमिक पॉलिसी इन इंडिया (१९६१)
* विमेन इन द वर्किंग फोर्स इन इंडिया (१९६५)

== स्मारके ==

गोखले संस्थेच्या ग्रंथालयाला धनंजयराव गाडगीळांचे नाव देण्यात आले आहे. नागपूर येथील सहकारी व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्थाही त्यांच्या नावाने ओळखली जाते.